आधी दया, मग प्रश्न

ओल्फा जर्रायाला विद्यापीठात जागा मिळाली तेव्हा सगळ्या गल्लीला एकच कोडं पडलं, ही पोरगी तिथे नेमकं करते काय?

"लोकांना रडवते," कोपऱ्यावरचा दुकानदार नूरी गिऱ्हाइकांना सांगायचा. "खोलीत बसवायचं, घरातलं कोण गेलं ते विचारायचं, आणि डोळ्यांत पाणी आलं की मोजून घ्यायचं. एवढ्यासाठी डॉक्टरेट कशाला हवी? माझी सासू हे काम फुकट करते."

ओल्फा हसून पुढे जायची. नूरीचं म्हणणं तसं फार चुकीचं नव्हतं.

जागेचं नाव भलंमोठं होतं. मानवी भावनिक स्मृतीला क्वांटम सिद्धांत लावून पाहणाऱ्या प्रकल्पात संशोधन सहायक, मुदत एक वर्ष, वाढवता येण्याजोगी. बाकीचे लोक 'क्वांटम'पाशी अडखळायचे. मामानं तर विचारलं होतं, "म्हणजे ती मांजर मेली की जिवंत, ते तू बघणार का?" ओल्फा मात्र शेवटच्या शब्दांपाशी अडखळायची. वाढवता येण्याजोगी. येण्याजोगी म्हणजे येईलच असं नाही. हे ती सकाळी दात घासताना मनात म्हणायची, बसमध्ये म्हणायची, आणि विद्यापीठाच्या फाटकावर पहारेकऱ्याला सलाम करतानाही म्हणायची.

असं म्हणायला कारण होतं. डॉक्टरेट करून घरी बसलेल्यांची या देशात एक जमातच आहे. ओल्फा त्या जमातीत कित्येक वर्षं होती. एक अख्खा हिवाळा ती राजधानीत मंत्रालयासमोर पुठ्ठा अंथरून धरण्याला बसली होती. शेजारी रसायनशास्त्राचा एक, भूगर्भशास्त्राच्या दोघी, आणि सगळ्यांना घोषणा शिकवणारा गणिताचा बशीर. धरण्यातून काही निघालं नाही. मग आपल्या गावी, स्फाक्सला, परत येऊन घराच्या गच्चीवरच्या खोलीत शाळकरी पोरांच्या शिकवण्या. कप्पी, उतरण, घर्षण. पोरं विचारायची, "मॅडम, तुम्ही एवढं शिकलात तर इथे कशा?" ओल्फा फळ्यावर पुढची कप्पी काढायची.

वडील गाबेस शहराच्या रस्त्यावर भाड्याची गाडी चालवायचे. ते घरी असायचे जेवायला आणि बातम्या बघून चिडायला. आई, मानानं लल्ला नाजेत, वस्तीतल्या गेलेल्या बायकांना शेवटची आंघोळ घालायची. हे काम ती कोणाकडून काही न घेता करायची, आणि लहानपणी ओल्फाला सोबत न्यायची, कारण घरी सांभाळायला कोणी नसायचं. आई आतल्या खोलीत, आणि ही बाहेर, रडणाऱ्या बायकांच्या मांड्यांना टेकून. कुठे बसायचं, कधी उठायचं, कोणाच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि कोणाच्या नाही, गेलेल्याचं नाव निघालं की काय म्हणायचं, हे सगळं ती अक्षरं गिरवायच्या आधी शिकली होती. तिला ते शिकल्याचंही आठवत नव्हतं. आपण चालायला कसं शिकलो हे कोणाला आठवतं?

प्रकल्पाचे प्रमुख मोन्देर, आदरानं सी मोन्देर. वय साठीकडे झुकलेलं, लग्न केलेलं नाही, टेबलाच्या खणात कायम भाजलेल्या सूर्यफुलाच्या बिया. सुरुवातीलाच त्यांनी ओल्फाला काम समजावलं होतं, बिया फोडत फोडत.

"इलेक्ट्रॉनाला आधी हे विचारलं, मग ते विचारलं, तर एक उत्तर. उलट क्रमानं विचारलं तर दुसरंच. बरोबर?"

"बरोबर. पहिल्या मोजणीनंच त्याची अवस्था बदलते."

"मग माणसाची आठवण काय वेगळी आहे? लोकांना वाटतं, आठवण म्हणजे पेटीत ठेवलेला फोटो. उघडा, बघा, मिटा. मी म्हणतो, नाही. तू विचारतेस तेव्हाच ती तयार होते. आणि पहिला प्रश्न दुसऱ्याचं उत्तर बिघडवतो. ते किती बिघडतं, याचं आपल्याकडे गणित आहे. ते गणित माणसांवर चालतं का, एवढंच बघायचंय."

काम ऐकायला सोपं होतं. तळमजल्यावरच्या छोट्या खोलीत एकेका माणसाला बसवायचं. आपल्या जवळचं गेलेलं एखादं माणूस आठवा, म्हणायचं. मग दोनच प्रश्न. त्या आठवणीनं धीर वाटतो का? त्या आठवणीनं दुखतं का? प्रत्येक प्रश्नाला एक लाकडी पट्टी, तिच्यावर सरकणारी गोटी. डावीकडे 'मुळीच नाही', उजवीकडे 'फार'. अर्ध्या लोकांना आधी धीराचा प्रश्न, अर्ध्यांना आधी दुखण्याचा. समुद्रापलीकडे, उत्तरेकडच्या एका विद्यापीठात, जिथून प्रकल्पाचा निधी यायचा, प्राध्यापिका लिंडर हेच करत होत्या. त्यांच्याकडे फरक स्वच्छ दिसला होता. आधी धीराचं विचारलं की धीराची गोटी उजवीकडे जायची, आधी दुखण्याचं विचारलं की मधेच थबकायची.

ओल्फाकडे लोक मोकळेपणानं बोलायचे. मानसशास्त्र विभागातली सिहेम म्हणायची, "तुझ्यासमोर दगडही आपल्या आईबद्दल बोलेल. माझ्याकडे येतात ते घड्याळ बघत बसतात."

पण तिचे आकडे मुके होते. दोन्ही गट सारखे. आधी धीर विचारा की आधी दुःख, गोटी तिथेच, मधे. वर्ष सरत आलं, उन्हं तापायला लागली, खोलीतला एसी ठिबकायला लागला, तरी आकडे हलेनात. ओल्फानं पट्ट्या बदलून पाहिल्या. खुर्ची फिरवून पाहिली. रात्रीचं जेवण अर्धं टाकून उठायला लागली. आई म्हणायची, "मुली, मयतघरच्या बायकासुद्धा तुझ्यापेक्षा बरं जेवतात."

मग एक दिवस सी मोन्देरनी तिला बोलावलं. त्यांचा चेहरा उजळलेला होता.

"पोरी, आपण गाढव आहोत. आपण फरक शोधत बसलो. फरक नाही हाच तर शोध आहे."

"म्हणजे कसं, सी मोन्देर?"

"म्हणजे तिकडच्या माणसांची आठवण क्रम मानते, आपली मानत नाही. आपल्या लोकांचं दुःख कुठूनही शिरा, तेवढंच भरतं. मी लिंडरबाईंना लिहिलं. त्या तर नाचायच्याच बाकी आहेत. गुरुवारी बैठक आहे, पडद्यावर. तीन वर्षांची मुदतवाढ, ओल्फा. तीन."

ओल्फानं घरी सांगितलं. आईनं देवाचे आभार मानले आणि लगेच डोक्यावरचा रुमाल सारखा करून शेजारी सांगायला गेली. वडील म्हणाले, "आता तरी मामाला सांग, मांजर जिवंत आहे म्हणून." दुसऱ्या दिवशी नूरीनं दुकानातून तिला हाक मारून एक थंड बाटली हातात दिली. "तीन वर्षं रडवणार आता. माझ्या सासूला मदतनीस म्हणून घे."

सगळे खूश होते. तिला मात्र झोप येईना. इलेक्ट्रॉन जगात सगळीकडे सारखे वागतात, आणि माणसं समुद्राच्या या काठावर वेगळी? असतीलही. पण तिच्या हाताला हा शोध हलका लागत होता, आतून पोकळ निघणाऱ्या फळासारखा.

सोमवारी शेवटच्या दोनचार मुलाखती उरल्या होत्या. त्यातली एक आर्सेनची. आर्सेन आयव्हरी कोस्टचा, इथे स्थापत्यशास्त्र शिकणारा. त्याला आपली बोली जेमतेम बाजारापुरती यायची, म्हणून ओल्फानं पहिल्यांदाच मुलाखत फ्रेंचमध्ये घेतली.

"कोणाला आठवणार आहात?"

"आईला," आर्सेन म्हणाला. "चार पावसाळे झाले तिला जाऊन."

ओल्फानं तोंड उघडलं आणि तिला काही सुचेना. खोलीत एक पोकळी तयार झाली. एसीचं ठिबकणं ऐकू आलं. तिची जीभ काहीतरी शोधत होती, पायरी असेल म्हणून पाय टाकावा आणि पायरी नसावी तसं. मग तिनं प्रश्न विचारला, "त्या आठवणीनं धीर वाटतो का?" आर्सेन हसला, आणि गोटी सरळ उजव्या टोकाला नेऊन म्हणाला, "फार. ती कोंबडीशी भांडायची. खरंच, कोंबडीशी. तास तासभर."

तो गेल्यावर ओल्फा खुर्चीतून उठली नाही. त्या पोकळीच्या जागी आपल्या बोलीत काय असतं?

तिनं एक जुनी ध्वनिफीत लावली, कोणतीही. पाठोपाठ आणखी एक, आणि तिसरी. सगळीकडे तेच. माणूस सांगतो, माझी बायको, माझा भाऊ, माझा बाप. आणि लगेच, श्वासाइतक्या सहज, ओल्फाचा आवाज: "देव त्यांच्यावर दया करो." समोरून "आमीन". कोणी उसासा टाकतं. कोणी म्हणतं, "तुझ्याही घरच्या गेलेल्यांवर करो." कोणी नाक पुसतं. आणि मग पहिला प्रश्न.

पहिला कसला? त्याच्या आधीच एक झालेला असायचा. ती प्रत्येकाला आधी मयताच्या उंबऱ्यावर नेऊन उभी करत होती, आणि मग विचारत होती, धीर वाटतो का. तिच्याकडे आधी धीराचा गट कधी नव्हताच. सगळेच्या सगळे आधी दुःखाचे. वर्षभर तिनं लोकांची आठवण मोजली नव्हती, आपलं वळण मोजलं होतं.

सिहेमला तिनं कफ्तेजीच्या टपरीवर गाठलं. सिहेम पावाच्या तुकड्यानं तळलेल्या मिरच्या आणि भोपळा उचलत ऐकत राहिली.

"सांगू नको," ती शेवटी म्हणाली.

"सिहेम."

"अगं, तुझ्या जागी मी असते तर मीही तेच बोलले असते. कोणीही बोललं असतं. गेलेल्या माणसाचं नाव निघालं आणि गप्प बसायचं? तसं बसणारं माणूस या गावात सापडलं तर त्याच्यावर वेगळा प्रकल्प काढावा लागेल. आणि तुला तरी खात्री कुठे आहे? एका आर्सेनवरून?"

"नाही खात्री."

"मग झालं. खात्री नसेल तर चूकही नाही. खा. गार होतंय."

पण खात्री नसणं हे ओल्फाला कधीच पचलं नव्हतं. मंगळवारी सकाळी फाऊझिया मावशी यायची होती, गल्लीतलीच. तिचा नवरा हेदी जोडे शिवायचा, गेल्या वर्षी गेला. आईनंच तिला तयार केलं होतं. ओल्फानं ठरवलं, आज म्हणायचं नाही.

फाऊझिया अंगभर चांगल्यातली सफसारीची चादर ओढून, पर्स मांडीवर ठेवून बसली.

"कोणाला आठवणार, मावशी?"

"कोणाला म्हणजे? माझ्या हेदीला."

ओल्फा गप्प. फाऊझिया थांबली. ऐकू गेलं नसेल असं वाटून पुन्हा म्हणाली, "हेदीला ग. गेला ना माझा हेदी." आणि ओल्फाकडे बघत राहिली, जसं एखादं माणूस पुढे केलेला हात कोणी धरायची वाट बघतं. ओल्फानं टेबलाखाली एका हाताचं बोट दुसऱ्या हातानं घट्ट पिळलं.

"त्यांच्या आठवणीनं धीर वाटतो का?"

फाऊझियाच्या भुवया वर गेल्या. मग तिनं पट्टीकडे बघितलं, आणि तिचा चेहरा हळूहळू सैलावला. "तो दुपारी बाकाखाली झोपायचा, माहितेय? गिऱ्हाईक आलं की मी पायानं ढोसायची. तो खालूनच विचारायचा, कितव्या मापाचा." ती हसली. गोटी उजवीकडे टोकाला जाऊन आदळली. वर्षभरात आपल्या बोलीतल्या एकाही माणसानं ती इतकी लांब नेली नव्हती.

दुसऱ्या प्रश्नाला तिनं गोटी थोडी हलवली आणि पर्स काखेत मारून उभी राहिली. दाराशी वळून म्हणाली, "तुझ्या आईनं माझ्या सासूला आंघोळ घातली. आणि तुझ्या तोंडून माझ्या नवऱ्यासाठी एक शब्द निघाला नाही. का, विद्यापीठात दयेलाही परवानगी लागते?"

ओल्फा दुपारी घरी पोचली तेव्हा आई दारातच उभी होती.

"हेदीवर देवानं दया करू नये असं तुझं मत आहे?"

"नाही ग, आई. प्रयोग होता."

"कोणावर?"

ओल्फा चपला काढायला वाकली. आतून वडील म्हणाले, "मंत्रालयावर करा म्हणावं प्रयोग. तिथे कोणी रडणार नाही."

"तुम्ही गप्प बसा," आई म्हणाली. "गल्लीभर झालंय. नाजेतची मुलगी शिकून दगड झाली म्हणतायत. उद्या मला कोणी मयताला बोलावणार नाही. आत्ता जा. आत्ताच्या आत्ता."

मकरूदची, खजुराच्या मिठाईची, बशी घेऊन ओल्फा फाऊझियाच्या दारात गेली. फाऊझियानं दार अर्धंच उघडलं.

"मावशी, देव हेदीकाकांवर दया करो. त्यांची जागा स्वर्गात असो."

"आमीन." फाऊझियाचा आवाज फाटला. "उशिरा का होईना." तिनं बशी घेतली आणि तिथेच, उंबऱ्यात, रडायला लागली. सकाळी हसत हसत गोटी आदळवणारी तीच बाई. ओल्फानं तिला धरलं. पाठीवरून हात फिरवताना तिच्या मनात आलं, आता विचारलं असतं धीर वाटतो का, तर गोटी कुठे थांबली असती? आणि हा विचार या क्षणी मनात आला याची तिला लाज वाटली. तिथेच तिची खात्रीही झाली. तिला वाटलं होतं, खात्री झाली की बरं वाटेल. उलट गुरुवारची बैठक डोळ्यांसमोर उभी राहिली.

बुधवारी सकाळी तिनं सी मोन्देरना सगळं सांगितलं. सांगताना त्यांचं बिया फोडणं थांबलं. ते टेबलावरची टरफलं एका कागदावर गोळा करत राहिले.

"हे आणखी कोणाला माहीत आहे?"

"सिहेमला. आणि एका परीनं सगळ्या गल्लीला."

"गल्ली लेख छापत नाही." त्यांनी कागदाची पुडी बांधली. "ऐक. मी रागावलेलो नाही. मीच तुला शिकवायला हवं होतं, पण मलाही कळलं नसतं. मीही तेच बोललो असतो. पण उद्याची बैठक होऊ दे. तीन वर्षं हातात पडू देत. मग हवं तितकं दुरुस्त कर, पुन्हा मुलाखती घे, चूक कबूल करणारा लेख लिही, मी पहिली सही करतो. जागा असेल तर चूक दुरुस्त करता येते, पोरी. जागाच गेली तर कुठे दुरुस्त करशील? गच्चीवर?"

ओल्फा उठून बाहेर आली. वाईट गोष्ट ही, की ते म्हणत होते त्यात तिला तथ्य वाटत होतं. दिवसभर तिनं ते उलटसुलट करून पाहिलं. आधी जागा मग खरं, आधी खरं मग जागा. संध्याकाळपर्यंत तिनं ठरवलं, उद्या गप्प बसायचं. ठरवल्यावर ती पोटभर जेवली, आणि मग सगळं ओकली.

गुरुवारी बैठकीच्या खोलीत विभागप्रमुख सी ताहेर, सी मोन्देर, कार्यालयातली लल्ला बेहिजा आणि ओल्फा. भिंतीवरच्या पडद्यावर लिंडरबाई, मागे पुस्तकांची रांग. सी मोन्देर फ्रेंचमध्ये छान बोलले. सी ताहेर मधे मधे मान डोलवत होते. लिंडरबाई भराभर टिपणं घेत होत्या. मग त्यांनी चष्मा काढला.

"उत्तम. एक नेहमीचा प्रश्न, फक्त नोंदीसाठी. पहिल्या प्रश्नाआधी लोकांशी काय बोलणं व्हायचं?"

सी मोन्देरनी ओल्फाकडे बघितलं. त्या नजरेत धमकी नव्हती, विनंतीच होती, आणि ते जास्त जड होतं.

"ठरलेली प्रस्तावना," ओल्फा म्हणाली.

"फक्त तीच?"

फक्त 'हो' म्हणायचं होतं. ओल्फाच्या डोळ्यांपुढे फाऊझियाचा अर्ध्या दारातला चेहरा आला, आणि तिला वाटलं, आज हो म्हटलं तर पुढची तीन वर्षं मी त्या खोलीत माणसं बसवीन आणि माझ्या तोंडून दयेचा शब्द निघाला की माझं मलाच नको होईल.

"नाही," ती म्हणाली. "आणखी एक वाक्य. ते प्रस्तावनेत लिहिलेलं नाही."

"कोणतं?"

"ते फ्रेंचमध्ये नीट सांगता येत नाही. आमच्याकडे गेलेल्या माणसाचा उल्लेख झाला की ते म्हणावंच लागतं." ती सी मोन्देरकडे वळली. "समजा, मी सी मोन्देरच्या दिवंगत वडिलांचं नाव काढलं, सी सालेम यांचं. देव त्यांच्यावर दया करो."

हे शेवटचं ती आपल्या बोलीत म्हणाली.

"आमीन," सी ताहेर म्हणाले. "आमीन," लल्ला बेहिजा म्हणाली आणि तिची मान खाली गेली. आणि त्यांच्या पाठोपाठ, अगदी हळू, सी मोन्देर. त्यांनी तळहात चेहऱ्यावरून फिरवला. तो खाली आला तेव्हा त्यांचे डोळे वेगळेच दिसत होते. वडील जाऊन वीस-पंचवीस वर्षं झाली असतील.

पडद्यावर लिंडरबाई हे सगळं बघत होत्या.

"हे प्रत्येक मुलाखतीत झालं?" त्यांनी विचारलं.

"दोन सोडून प्रत्येक. पहिल्या प्रश्नाच्या आधी."

"मग तुमच्याकडे एकच गट आहे."

"हो."

सी ताहेरची मान डोलायची थांबली. लिंडरबाईंनी चष्मा चढवला. "हे वाक्य गाळता येईल?"

"मी गाळून पाहिलं," ओल्फा म्हणाली. "एकदाच. गाळता येत नाही. निदान मला नाही येत. पण जागा बदलता येईल. अर्ध्या लोकांना आधी म्हणायचं, अर्ध्यांना दोन्ही प्रश्न झाल्यावर. म्हणायचं मात्र सगळ्यांना. दाराबाहेर जायच्या आत."

लिंडरबाई ते लिहून घेत राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या की या आकड्यांवर मुदतवाढ देता येणार नाही, हे सगळ्यांना समजत असेलच.

बाहेर व्हरांड्यात सी मोन्देर तिच्या शेजारून गेले आणि काही अंतरावर थांबले. "माझ्या बापाचं नाव घ्यायची काय गरज होती?" ते म्हणाले. "सी ताहेरच्या बापाचं घ्यायचं. तोही मेलाय." आणि निघून गेले. पुढे कितीतरी दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत.

जागा गेली. उन्हाळाभर ओल्फा पुन्हा गच्चीवर. कप्पी, उतरण, घर्षण. आईनं गल्लीत कोणाला काही सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. नूरीनं एकदा बाटली पुढे केली, यावेळी न बोलता. फाऊझियानं एक दिवस हेदीच्या हातचे उरलेले जोडे आणून दिले, ओल्फाच्या मापाचे. ते घालून ती सबंध घरभर चालली. जोडे चावत नव्हते. काळजी मात्र गेली नव्हती. आता तिची एक जागा झाली होती, बरगडीखाली, डावीकडे.

सप्टेंबरात सिहेमचा फोन आला. "जाहिरात निघाली. तीच खोली, तेच पट्टी-गोटीचं काम. पण प्रश्न बदललाय. दयेचं वाक्य आधी आणि नंतर. तुझं वाक्यन्‌वाक्य उचललंय."

"म्हणजे मला बोलावणार?"

"बोलावणार कसलं, अर्ज करायचा. सगळ्या देशाला खुली आहे. रांगेत उभी राहा, बाई. आपला देश आहे हा."

मुलाखतीच्या दिवशी व्हरांड्यात बाकांवर जागा नव्हती. ओल्फानं बघितलं, अर्धे चेहरे ओळखीचे. भूगर्भशास्त्रातली एकजण, आता पोटुशी. आणि खिडकीशी बशीर, गणिताचा, घोषणा शिकवणारा. डोक्यावरचे केस विरळ झालेले, शर्ट नवाकोरा, घडीच्या रेघा तशाच.

"ओल्फा, तूसुद्धा?" त्यानं तिला शेजारी जागा करून दिली. "बरं झालं भेटलीस. मला या जाहिरातीतलं निम्मं समजलेलं नाही. क्रम बदलतो, अवस्था बदलते, ते गणित मला येतं. पण हे दयेचं वाक्य काय आहे? आधी म्हणायचं, नंतर म्हणायचं. कोणी काढलं हे?"

ओल्फानं त्याच्या नव्या शर्टाकडे बघितलं. बशीर हुशार होता. तिच्यापेक्षा हुशार असेल. त्याला आता सांगितलं तर आत जाऊन तो तिच्याहून चांगलं मांडेल. नाही सांगितलं तर तो आत अडेल, आणि एक माणूस कमी होईल. समोरचं दार उघडत होतं, मिटत होतं. आत सी मोन्देर बसलेले होते.

"सांगते," ती म्हणाली.

आणि तिनं सांगितलं, पहिल्यापासून. आर्सेनसमोरची पोकळी, फाऊझिया, अर्धं उघडलेलं दार, उंबऱ्यातलं रडणं. हळू आवाजात, भराभर, मधे मधे दाराकडे बघत. भूगर्भशास्त्रवालीही जवळ सरकून ऐकायला लागली. बशीर मधेच म्हणाला, "थांब, मग 'आमीन' हे उत्तर धरायचं की नाही? तेही मोजलं पाहिजे." ओल्फानं त्याच्याकडे वळून बघितलं. हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं.

"ते तू आत सांग," ती म्हणाली. "तुझं आहे ते."

दार उघडलं. सी मोन्देर स्वतः बाहेर आले, हातात कागद. त्यांनी व्हरांड्यावरून नजर फिरवली, ती ओल्फावर थांबली आणि मग कागदावर परत गेली.

"डॉक्टर ओल्फा जर्राया," ते म्हणाले, पहिल्यांदा भेटत असल्यासारखे.

ती उठली.